रोडची आणि पांदणीची एकच सायकल

नागपूरच्या माझ्या घरमालकांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते आधी रस्ता विचारायचे. गाव केवढं, तिथे कोण असतं, कशाला निघालात, हे सगळं नंतर. नंदनवनमधल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला मी गेले, तेव्हाही त्यांनी नोकरी कुठे, लग्न झालंय का, यातलं काही विचारलं नाही. मी सांगलीची म्हटल्यावर मात्र ते खुर्चीत पुढे सरकले.

"माती कशी हाय तुमच्या इकडं? काळीच ना?"

"हो, काळीच."

"पाण्यापावसात चाकाले चिकटते?"

या गोष्टीचा मी जन्मात विचार केला नव्हता. म्हटलं, चिकटत असावी.

"असावी म्हंजे? पायलं नाही कधी?"

"नाही."

ते बायकोकडे वळले. "हिले ठेवून घे वं. खोटं बोलत नाही पोरगी."

अशा तऱ्हेने मला घर मिळालं. त्यांना मी काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. काका उंच, वाळलेले, जरा पुढे झुकलेले. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर देखरेख करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पट्ट्याचं रबर अंगठ्याने दाबून ते किती झिजलंय हे बघायची सवय लागलेली, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. टमाटे, उशी, भिजवलेली कणीक, समोर येईल त्यात ते अंगठा रुतवत आणि काही न बोलता मान हलवत. मान होकारार्थी हलली की नकारार्थी, हे मला कधी कळलं नाही. काकूंनाही कळत नसे.

पहिले काही दिवस मला एक कोडं पडलं होतं. काकांच्या पँटला उजव्या घोट्यापाशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असे. पँट सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून लोक लावतात तसा. पण घरात सायकल नव्हती. अंगणात नाही, जिन्याखाली नाही, गच्चीवर नाही. शेवटी मी काकूंना विचारलं.

काकू दोरीवर ओली साडी टाकत होत्या. "सायकल घेऊन राहिले ते," त्या म्हणाल्या, म्हणजे घेतायत.

"कधी?"

"दीड वर्षापासून घेऊनच राहिले. माहे सगळे चिमटे गेले."

निवड करणं हा काकांचा प्रांत नव्हता. 'दोन बाजू हायेत' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वांगी करू की भेंडी, असं काकूंनी विचारलं की ते दोन्हींच्या दोन्ही बाजू सांगत, म्हणजे एकूण चार. तेवढ्यात काकूंची डाळ शिजून तयार असे. हे दरवेळी होई, आणि दरवेळी काका जेवताना विचारत, "मंग वांग्याचं काय झालं?"

हे सगळं दिसत असूनही मी त्यांनाच सायकलबद्दल विचारायला गेले. माझं ऑफिस घरापासून फार लांब नव्हतं, आणि रविवारी गावाबाहेर कच्च्या वाटांनी भटकावं असं मनात होतं. म्हटलं, दीड वर्ष अभ्यास केलेला माणूस खाली राहतो, त्याला नाही तर कुणाला विचारायचं?

"रोडवर चालवतं का कच्च्यात?" काकांनी विचारलं.

"दोन्हीकडे."

परमुलखात गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "आइकलं का वं?" त्यांनी आत हाक मारली. "हिले बी दोन्हीकडं पायजे!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"पाय पोरी," काका म्हणाले. "पतला टायर घेतला तं डांबरावर मस्त पळते. पण आपल्या इथं आता डांबर राहिलं कुठं? सगळं सिमेंट. अन् सिमेंटच्या दोन पट्ट्यांमंधी जे फट असते नं, त्याच्यात पतला टायर गेला का तू एकीकडं, सायकल एकीकडं. मंग जाड घे. जाड टायर कच्च्यात एक नंबर. पण रोडवर असं वाटते का कोणी मांगून धरून ठेवलं. बरं, समोर शॉकअपवाली घे. तं चढावर तुह्या पायाचा सगळा जोर त्या शॉकअपमंधीच जिरते. मंग बिना शॉकअपची घे. बिना शॉकअपची घेतली, अन् गिट्टीच्या रस्त्यानं गेली, तं मनगट गेलं."

"मग मी काय घेऊ?"

"तेच तं," काका समाधानाने म्हणाले.

मी वर आले तेव्हा मला सायकलला चाकं दोन असतात एवढंच खात्रीने माहीत होतं.

बर्डीवरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या बाजारातल्या, एका सायकलच्या दुकानात काकांना प्रवेश बंद होता, ही गोष्ट मला तिथल्या दुकानदारानेच सांगितली. मी पत्ता नंदनवनचा सांगितला तसा तो सावध झाला. "वो चिमटेवाले काका तो आपके कोई नहीं लगते ना?"

म्हटलं, घरमालक आहेत.

त्याने पाणी मागवलं, स्वतःसाठी. मग सांगितलं. काका एक दिवस आले, अर्धं दुकान अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि एक मधल्या जातीची, म्हणजे रोडवरही चालेल आणि कच्च्यातही, अशी सायकल जरा चालवून बघतो म्हणून घेऊन गेले. लोक गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. काका दुपार झाली तरी आले नाहीत. दुकानदाराने ओळखीच्या हवालदाराला फोनही केला. संध्याकाळी काका उगवले ते घंटीपर्यंत चिखलात बुडून. नवी कोरी सायकल ओळखू येत नव्हती. त्यांनी ती नीट स्टँडवर लावली, रुमालाने हँडल पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "चांगली हाय. पण दोन बाजू हायेत."

"मैंने बोला, काका, ये टेस्ट राइड थी के चारधाम?" दुकानदार म्हणाला. "तं मलेच म्हणते, मडगार्ड चाकाच्या लय जवळ हाय म्हणून माती अडकते, कंपनीले कळवा."

मी त्याच दुकानातून, त्याच दिवशी, पंधरा मिनिटांत सायकल घेतली. मध्यम जाडीचे टायर, शॉकअप नाही, रंग राखाडी. का घेतली म्हणाल तर पुढे उभी होती. घरी आणली तेव्हा काका फाटकातच होते.

"घेतली?"

"हो."

"अशीच?"

त्यांचा स्वर असा होता, जणू मी न सांगता लग्न करून आले होते. मग ते सायकलभोवती फिरले, बसले, उठले, दोन्ही टायर दाबले. त्या दिवशी मान नक्की नकारार्थी हलली. पुढचा महिनाभर मी ऑफिसला निघाले की ते फाटकापर्यंत येत आणि माझ्या सायकलचा एकेक दोष सांगत. मी परत आले की तिने आज काय त्रास दिला ते विचारत. त्रास दिला नाही म्हटलं तर त्यांना पटत नसे.

एका दुपारी काकू गच्चीवर पापड घालत होत्या. मी मदतीला बसले होते. सहज म्हटलं, काकांना एकदाची सायकल मिळायला हवी.

"तुले वाटते त्यायले सायकल पायजे?" काकू म्हणाल्या. "सायकल नाही पायजे वं. कारण पायजे."

मग त्यांनी मला काकांच्या दोस्ताबद्दल सांगितलं. खापरखेड्याला दोघं एकाच पाळीत होते, एकाच कॉलनीत राहायचे, आणि रोज सायकलींवरून बरोबर कामाला जायचे. दोस्त बुटका, जाड, मोठ्या आवाजाचा. तो ठरवायचा आणि काका तपासायचे, असं त्यांचं चालायचं. चहा कुठे प्यायचा, रजा कधी टाकायची, मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं दोस्ताने ठरवलं. "माह्या लग्नाच्या वक्ती मले पाहाले दोघंच आले होते," काकू हसून म्हणाल्या. "बाहेर गेल्यावर माह्या बापानं यायले इचारलं, पोरगी कशी वाटली? तं म्हणे, दोन बाजू हायेत! बापाचं तोंड असं उतरलं. तवा दोस्त म्हणे, मामाजी, पक्कं समजा, साखर वाटा. तो नसता तं मी आजबी चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली असती."

निवृत्तीनंतर दोस्त मौद्याच्या पुढे आपल्या गावी, शेतातल्या घरात राहायला गेला. मागच्याच्या मागच्या वर्षी त्याला लकवा मारला. हातपाय हळूहळू थोडे सावरले, पण बोलणं बिघडलं. त्याला सगळं समजत होतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. फक्त बोलायला गेला की भलताच शब्द बाहेर यायचा. पाणी हवं असलं की चप्पल मागायचा. काही महिन्यांनी त्याच्या बायकोने फोन लावून त्याच्या कानाशी धरला. इकडे काका खुशीत 'बोल गा' म्हणाले. तिकडून दोस्त अगदी नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "छत्रीत मीठ टाक, बुधवार ओला हाय!"

"यायले वाटलं मजाक करून राहिला," काकू म्हणाल्या. "हसले. पुन्हा इचारलं, काय? तं पुन्हा तेच, अजून जोरानं. मंग यायनं फोन माह्या हातात देला अन् बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून हे सायकलचं सुरू झालं. दोस्ताकडं जा लागते, पण फाट्यापासून पांदण हाय, बिना सायकलचं कसं जायचं म्हणते. म्हटलं, फाट्यापर्यंत बस जाते, तिथून पायी जाऊ. तं म्हणे, पायी हा वेगळा विषय हाय."

पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची कच्ची वाट. पावसाळ्यात तिथे ऑटो जात नाही.

मी ऐकत होते, आणि मला नीट उलगडत नव्हतं. काका भीत होते, हे काकूंचं म्हणणं पटत होतं. पण सायकलच्या चाकांबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकत, ते काही सोंग नव्हतं. माणूस एकाच वेळी एखाद्या ठिकाणी जायची मनापासून तयारी करत असेल आणि तिथे जाणं टाळतही असेल का? काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पापड पलटव."

श्रावणातल्या एका शनिवारी दोस्ताच्या बायकोचा फोन आला. मी खालीच होते. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"भाऊजी, हे दारात खुर्ची टाकून बसते अन् दिवसभर रस्त्याकडं पाहते. काई म्हणते, पण आमाले समजत नाही. तुम्ही येऊन जा नं."

"सायकल झाली का येतोच, वहिनी."

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "उद्या येऊन राहिलो आम्ही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

काकांनी घोट्याचा चिमटा काढून पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुही सायकल देतं का उद्या? ट्रायल घेऊन पाहतो. रोडची बी, पांदणीची बी."

म्हटलं, घेऊन जा. उजाडता उजाडता ते निघालेसुद्धा, घोट्याला चिमटा लावून. काकू आणि मी मागून बसने. मला कशाला, असं मी म्हटलं होतं. "ते मधूनच वापस फिरले तं मले एकटीले आवरत नाही," काकू म्हणाल्या.

भंडारा रोडने, कन्हानचा पूल ओलांडून, मौद्याच्या पुढे आम्ही फाट्यावर उतरलो. चहाच्या टपरीच्या बाकावर काका बसले होते. टपरीवाल्याने सांगितलं, कधीचेच आलेत. सायकल झाडाला टेकवलेली, आणि काकांच्या हातात माझा छोटा पंप.

"काय करून राहिले?" काकूंनी विचारलं.

"हवा. रोडसाठी टायर टाइट पायजे, पांदणीसाठी ढिला. म्हणून हवा काढली. मंग वाटलं का जास्तच निंगाली. म्हणून भरली. आता जास्त भरल्यासारखी वाटून राहिली."

"किती वक्त झाला हे?"

टपरीवाला म्हणाला, "भरून राहिले, काढून राहिले. मी तं मोजणं सोडलं."

काकू खाली वाकल्या आणि दोन्ही चाकांची हवा त्यांनी स्वतः थोडी थोडी सोडली. फुस्स आवाज होत राहिला, काका बघत राहिले. मग काकूंनी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, चपला हातात घेतल्या आणि पांदणीला लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मीही चपला काढल्या.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्याने भरलेल्या, आणि मधून ती काळी वाट. काका सायकलवर बसले. थोडं अंतर ती गेली, छान गेली. काकांनी मागे वळून "पाय, पाय, ढिल्या टायरनं वाट कशी धरून ठेवली!" असं ओरडूनही सांगितलं. मग मातीने तिला धरलं. चाकावर मातीचा थर, त्यावर दुसरा थर, मडगार्डमध्ये गोळा, आणि चाक फिरायचंच थांबलं. काका उतरले, काडीने माती काढली, बसले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सायकल जागीच उभी राहिली, न धरता.

"आता?" मी विचारलं.

मला वाटलं, दोन बाजू हायेत म्हणतील. पण पुढे काकू लहान लहान होत चालल्या होत्या. काकांनी सायकलखाली खांदा घातला, ती उचलली आणि चालू लागले. मातीने तिचं वजन दुप्पट झालं असेल. मी मागचं चाक धरायला गेले तर म्हणाले, "राहू दे, घसरशीन."

दोस्ताचं घर पांदणीच्या कडेलाच होतं. दारात खुर्ची, खुर्चीत एक जाड, पांढऱ्या दाढीचा माणूस. चेहऱ्याची एक बाजू थोडी उतरलेली. काकू आधीच पोचून त्याच्या बायकोशी बोलत होत्या. दोस्ताचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तो पांदणीकडे बघत होता. काका सायकल खांद्यावर घेऊन, गुडघ्यापर्यंत काळे होऊन अंगणात शिरले तसा तो खुर्चीत सरळ झाला आणि मोठ्याने म्हणाला,

"म्हैस आणली का गा?"

काका थांबले. खांद्यावर सायकल तशीच. त्यांनी काकूंकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता हे सायकल ठेवून परत फिरणार, असं मला वाटलं. काकूंनाही वाटलं असावं, कारण त्या एक पाऊल पुढे आल्या.

काकांनी सायकल खाली ठेवली. चिखलाने फुगलेल्या त्या काळ्या धुडाकडे त्यांनी नीट, सावकाश पाहिलं.

"आणली," ते म्हणाले. "पण दूध नाही देत गा."

दोस्ताला ते कळायला एक क्षण लागला. मग तो हसायला लागला. आधी नुसतं पोट हललं, मग सगळा माणूस हलायला लागला. त्याची बायको पिठाच्या हातांनी खुर्ची धरायला धावली. काका त्याच्याजवळ पायरीवर बसले आणि म्हणाले, "सिंग बी नाही तिले. फसवलं मले बर्डीवाल्यानं."

त्या दुपारी ते दोघं जे बोलले त्यातलं मला फारसं समजलं नाही. दोस्त चुलीबद्दल, मामांबद्दल, शनिवारच्या बटाट्यांबद्दल बोलत होता, आणि काका 'हो नं', 'मी तं तवाच म्हटलं होतं' असं ऐन जागी म्हणत होते. काकांना समजत होतं, की ते नुसते साथ देत होते? मी पुष्कळ लक्ष देऊन ऐकलं आणि माझा गोंधळ वाढतच गेला. एकदा दोस्त एका शब्दासाठी अडला, चिडला, चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा आपटायला लागला. काका घाईने शब्द पुरवायला गेले नाहीत. थांबले. दोस्ताने शेवटी 'घड्याळ' असा शब्द काढला. तो नक्कीच चुकीचा होता. पण दोघंही सुटल्यासारखे झाले आणि पुढे बोलू लागले.

जेवणं झाल्यावर काकांनी सायकल धुवून त्याच्यासमोर उभी केली. "आता सांग. रोडची पतल्या टायरची घेऊ, का कच्च्यातली जाडी, का ही अशी मधलीच घेऊ? सगळ्यायच्या दोन दोन बाजू हायेत."

दोस्ताने हात पुढे करून सीट पकडली, हँडल पाहिलं, टायरवर थाप मारली. मग काकांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू याला कितीदा सांगायचं.

"हाच नारळ," तो म्हणाला. "फोड."

पुढच्या आठवड्यात काकांनी अगदी माझ्यासारखीच सायकल घेतली, राखाडी रंगासकट. जिन्याखाली दोन्ही शेजारी उभ्या असत आणि मी कित्येकदा त्यांच्याच सायकलवरून ऑफिसला गेले. माझ्या सायकलचे जे दोष त्यांनी महिनाभर सांगितले होते त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. नागपूर सोडेपर्यंत मी बघत होते, दर दोनतीन दिवसांनी ते मौद्याकडे निघायचे. पावसाचे दिवस असले की यायचे ते काळे होऊन. दोस्ताचं बोलणं फारसं सुधारलं नाही. काका म्हणायचे, बरं हाय. त्याहून जास्त काही सांगायचे नाहीत.

पण ते सगळं पुढचं. त्या रविवारी उन्हं कलताना आम्ही फाट्यावर परत आलो. टपरीपाशी हापशी होती, तिथे पाय धुतले, चाकं धुतली. काकूंनी पिशवीतून पंप काढून काकांपुढे धरला. "भरा आता हवा. रोड हाय पुढं."

काकांनी मागचं चाक अंगठ्याने दाबलं. अंगठा चांगलाच आत गेला.

"राहू दे ढिलीच."

"काका, घरापर्यंत सगळा पक्का रस्ता आहे," मी म्हटलं. "अशा टायरवर फार जड जाईल."

"जाईन नं जड," काका सायकलवर टांग टाकत म्हणाले. "पण उद्या पुन्हा पांदणीत या लागते. कोण घडीघडी हवा भरते अन् काढते?"

आणि ते गेले, डुलत डुलत, नागपूरच्या दिशेने.

उद्या सोमवार होता. मला ऑफिस होतं, आणि सायकल माझी होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंप त्यांच्या हातातून घेतला आणि पिशवीत टाकला.